तेनसिंग नोर्गे : सातवी खेप



आपल्या मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गात मध्यंतरी एक छोटासा प्रसंग घडला. एका चिमुरड्याने शाळेसाठी केलेला एव्हरेस्टचा तक्ता सगळ्यांना दाखवायला आणला होता. मधोमध तो जगप्रसिद्ध फोटो होता. तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, पायाखाली बर्फ, हातात उंच धरलेली बर्फकुऱ्हाड आणि तिला बांधलेले झेंडे. खाली सुबक अक्षरांत नाव लिहिले होते, एडमंड हिलरी.

तक्ता छानच होता, पण फोटोतला माणूस हिलरी नव्हे. शिखरावर उभ्या असलेल्या हिलरींचा फोटोच नाही. कॅमेरा त्यांच्या हातात होता आणि समोर उभे होते तेनसिंग नोर्गे. हे सांगितल्यावर मुलांनी लगेच पुढचा प्रश्न विचारला, मग हे तेनसिंग कुठले? नेपाळचे की इंडियाचे?

हा प्रश्न इथे ब्रिटनमध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांना रोजचा आहे. शाळेत कोणीतरी विचारतेच, तू नक्की कुठला? त्यामुळे या वेळच्या अंकात तेनसिंग यांचीच गोष्ट सांगावी असे आम्ही ठरवले. आजकाल आपल्यातली बरीच मंडळी पैसे भरून, कंपनीबरोबर, हिमालयातल्या मोहिमांना जातात. त्यांनी तर ही गोष्ट जरूर वाचावी. कारण दुसऱ्यांच्या मोहिमेत सामील होणे म्हणजे काय, हे या माणसाइतके क्वचितच कोणाला कळले असेल.

घरातून पळालेला मुलगा

तेनसिंग यांचा जन्म १९१४ सालचा. नेमकी तारीख कोणी लिहून ठेवली नव्हती. घरात लिहिता येत होते कोणाला? पिकांच्या आणि हवामानाच्या आठवणीवरून मे महिन्याची अखेर असावी एवढे ठरले. पुढे त्यांनी २९ मे हाच आपला वाढदिवस मानला. तो दिवस का, ते पुढे येईलच.

आईवडिलांच्या तेरा मुलांपैकी हा अकरावा. त्यातली बरीचशी भावंडे लहानपणीच गेली. वडील घांग ला मिंग्मा याक राखीत. आईचे नाव डोकमो किंझोम. मुलाचे पहिले नाव होते नामग्याल वांगदी. रोंगबुक मठाच्या प्रमुख लामांनी ते बदलून तेनसिंग नोर्गे असे ठेवले. त्याचा अर्थ साधारणपणे धर्माचा भाग्यवान आणि धनवान अनुयायी असा होतो. धन मात्र नावापुरतेच होते.

जन्मगावाबद्दल दोन हकिकती आहेत. आत्मचरित्रात त्यांनी आपण नेपाळच्या खुंबू भागातले असे सांगितले. त्यांच्या मृत्यूनंतर कुटुंबीयांनी आणि अभ्यासकांनी जे लिहिले, त्यातून एव्हरेस्टच्या पूर्वेला तिबेटमध्ये असलेल्या खार्ता खोऱ्यात त्यांचे सुरुवातीचे बालपण गेले, असे पुढे आले. गरिबीमुळे मुलगा डोंगर ओलांडून खुंबूतल्या थामे गावात एका शेर्पा कुटुंबाकडे कामाला आला. दोन्हीकडून दिसणारा डोंगर एकच होता. त्याला तिकडची माणसे चोमोलुंग्मा म्हणत. ज्याच्यावरून पक्षीही उडून जाऊ शकत नाही असा हा डोंगर आहे, असे त्याच्या आईने त्याला सांगितले होते. ते ऐकून मुलाचे डोके त्या डोंगराकडे लागले ते कायमचे.

आईवडिलांनी त्याला लामा करण्यासाठी तेंगबोचेच्या मठात घातले. तिथे काही मन रमले नाही आणि स्वारी परत घरी आली. मग एकदा तो घरातून पळून काठमांडूला गेला. दुसऱ्यांदा पळाला तो १९३२ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, थेट दार्जिलिंगला.

दार्जिलिंगच का? त्या काळी नेपाळचे दरवाजे परदेशी गिर्यारोहकांना बंद होते. एव्हरेस्टच्या साऱ्या ब्रिटिश मोहिमा १९२१ पासून दार्जिलिंगहून निघत, तिबेटमधून फिरून उत्तरेच्या बाजूने डोंगराला भिडत आणि त्यासाठी लागणारी माणसे दार्जिलिंगलाच भरती होत. कोकणातला चाकरमानी जसा मुंबईची वाट धरी, तशी खुंबूतली तरुण पोरे दार्जिलिंगची वाट धरीत. तिथल्या तुंगसुंग बस्तीत शेर्पांची वस्तीच झाली होती. आपल्या या मुलाने तिथे पोहोचून काय केले? गाई राखल्या आणि दूध विकले.

बारा आणे रोज

१९३३ साली एव्हरेस्टच्या मोहिमेची भरती सुरू झाली. तोही गेला, पण त्याला घेतले नाही. गावाकडची लांब वेणी त्याने शहरात येऊन कापून टाकली होती. त्यामुळे निवडणाऱ्या साहेबांना तो शेर्पा वाटलाच नाही, नेपाळी वाटला. केस वाढवलेले असते तर गावंढळ म्हणून हसले असते, कापले तर आपल्यातला नाही म्हणून परत पाठवले! परक्या गावी पोटासाठी गेलेल्या माणसाची ही गंमत आपल्यापैकी अनेकांना वेगळी समजावून सांगायला नको.

१९३५ साली एरिक शिप्टन यांची मोहीम आली. आणखी दोन माणसे हवी होती आणि रांगेत वीसहून जास्त उभी होती. आधीच्या कामाचा दाखला कोणाकडे आहे, अशी विचारणा झाली. याच्याकडे कसला दाखला? होते ते एक रुंद हसू. शिप्टन यांनी त्या हसऱ्या पोराला उचलला. पुढे पन्नास वर्षे जगभर छापून आलेले हसू ते हेच. रोजची मजुरी बारा आणे. बर्फाच्या रेषेच्या वर गेले तर एक रुपया.

ती एव्हरेस्टकडची पहिली खेप. १९३६ मध्ये ह्यू रटलेज यांच्याबरोबर दुसरी. त्या वर्षी पावसाळा लवकर आला आणि सगळे फिसकटले. १९३८ मध्ये टिलमन यांच्याबरोबर तिसरी. या वेळी तेनसिंग ओझे घेऊन सुमारे २७,००० फुटांवरच्या सर्वांत वरच्या छावणीपर्यंत पोहोचले. तिथवर चढणाऱ्या शेर्पांना हिमालयन क्लबकडून टायगर हा किताब आणि पदक मिळत असे, ते त्यांना मिळाले. (या क्लबचे मुख्यालय आज आपल्या मुंबईत आहे.)

पण एक गोष्ट लक्षात घ्या मंडळी. टायगर झाले तरी काम ओझे नेण्याचेच होते. तंबू, दोर, रॉकेल आणि खाणे वर पोहोचवायचे, साहेबांचा चहा करायचा आणि शेवटच्या छावणीवरून खाली उतरायचे. पुढचा प्रयत्न साहेबांचा. वर जायची इच्छा ओझे नेणाऱ्यालाही असू शकते, हे तेव्हा फारसे कोणाच्या ध्यानीमनी नसे. बहुतेक शेर्पांना ती नव्हतीही, त्यांना हे पोटाचे काम होते. तेनसिंगना मात्र ती होती, आणि त्यांचे सोबती त्यांना त्यावरून वेडा ठरवत.

चित्रालची वर्षे

१९३५ साली त्यांचे दावा फुटी यांच्याशी लग्न झाले होते. निमा दोर्जे हा मुलगा आणि पेम पेम व निमा या दोन मुली झाल्या. मुलगा १९३९ साली अवघ्या चार वर्षांचा असताना गेला. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि मोहिमा बंद पडल्या. तेनसिंग कामासाठी चित्राल संस्थानात गेले, जे पुढे पाकिस्तानात सामील झाले. तिथे चॅपमन नावाच्या एका मेजरकडे त्यांनी नोकरी धरली. १९४४ साली दावा फुटी तिथेच वारल्या.

आता पदरात दोन लहान मुली, घर हजारो मैल दूर आणि खिसा रिकामा. अखेर मेजरसाहेबांचा जुना गणवेश अंगावर चढवून तेनसिंग दोन्ही मुलींसह आगगाडीत बसले. त्या गणवेशाकडे पाहून कोणी तिकीटच विचारले नाही! असा अख्खा देश ओलांडून ते दार्जिलिंगला परतले. आज हे वाचताना हसू येते. पण दोन पोरक्या मुलींना घेऊन त्या डब्यात बसलेल्या बापाला ते किती दिवसांचे वाटले असतील, याचा विचार करून पाहा.

दार्जिलिंगमध्ये आंग ल्हामू यांच्याशी त्यांचे दुसरे लग्न झाले. ही बाई मोठी खंबीर. साहेबांच्या घरी आया म्हणून काम करीत असत आणि एका इंग्रज कुटुंबाबरोबर १९३८ साली लंडनलाही जाऊन आल्या होत्या. म्हणजे नवऱ्याच्या पंधरा वर्षे आधी! त्यांना स्वतःचे मूल झाले नाही. सवतीच्या मुली त्यांनी आपल्या मानून वाढवल्या आणि काम नसलेल्या वर्षांत घर चालवले. एव्हरेस्टच्या इतिहासात त्यांचे नाव कोपऱ्यात येते. आमच्या मते ते जरा पुढे यायला हवे.

१९४७ साली अर्ल डेनमन नावाचा एक माणूस आला. जवळ पुरेसे पैसे नाहीत, सामान नाही आणि तिबेटमध्ये शिरायची परवानगीही नाही. शहाण्या माणसाने अशा माणसाबरोबर जाऊ नये, हे तेनसिंगना कळत होते. तरीही एव्हरेस्ट म्हटल्यावर त्यांना नाही म्हणवेना. ही चौथी खेप वादळात सुमारे २२,००० फुटांवरून मागे फिरली. त्याच वर्षी स्विस गिर्यारोहकांबरोबर गढवालमध्ये काम मिळाले. तिथला सरदार, म्हणजे शेर्पांचा मुकादम, जखमी झाला आणि ती जबाबदारी तेनसिंग यांच्यावर आली. १९५१ साली फ्रेंच मोहिमेतले दोघे नंदादेवीवर हरवले. त्यांच्या शोधात लुई द्युबो आणि तेनसिंग नंदादेवी पूर्व हे शिखर चढून गेले. हरवलेले सापडले नाहीत. आयुष्यातली सर्वांत अवघड चढाई कोणती असे पुढे कोणी विचारले, तर तेनसिंग एव्हरेस्टचे नव्हे, या शिखराचे नाव घेत.

मेणबत्तीवरची रात्र

एव्हाना जग बदलले होते. तिबेटचा रस्ता बंद झाला आणि नेपाळने दरवाजे उघडले. आता एव्हरेस्टवर दक्षिणेकडून जायचे होते. म्हणजे खुंबूतून, तेनसिंग यांच्या गावाजवळून. १९५२ साली स्विस मंडळींना परवानगी मिळाली आणि त्यांनी सरदार म्हणून तेनसिंगना बोलावले.

या मोहिमेत रेमंड लँबर्ट नावाचा एक धिप्पाड गाईड होता. पूर्वी हिमदंशाने त्याच्या पायाची बोटे गेली होती. त्याला शेर्पा भाषा येत नव्हती आणि तेनसिंगना फ्रेंच. तरी खाणाखुणांवर दोघांची अशी गट्टी जमली की बस्स! मे महिन्याच्या अखेरीस दोघे जण सुमारे ८,४०० मीटरवर एका छोट्या तंबूत अडकले. झोपायच्या पिशव्या नाहीत, स्टोव्हही नाही. मेणबत्तीच्या ज्योतीवर बर्फाचा तुकडा वितळवून घोटभर पाणी करायचे आणि गारठून जाऊ नये म्हणून एकमेकांना रात्रभर चोळत राहायचे. सकाळी दोघे वर निघाले आणि ८,५९५ मीटरच्या आसपास पोहोचले. त्याआधी एवढ्या उंचीवर कोणी गेल्याची नोंद नव्हती. शिखर उरले होते सुमारे अडीचशे मीटर. पण त्यांची चाल इतकी मंदावली होती की वर पोहोचले असते तरी जिवंत खाली आले नसते. दोघे मागे फिरले.

शरद ऋतूत स्विस पुन्हा आले. तीही खेप फसली. थंडी भयंकर होती आणि बर्फाचे तुकडे कोसळून मिंग्मा दोर्जे हा शेर्पा गेला. पाचवी आणि सहावी अशा दोन खेपा एका वर्षात झाल्या. तेनसिंग मलेरियाने आजारी पडले आणि त्यांना पाटण्याच्या इस्पितळात राहावे लागले.

तरीही या वर्षाने त्यांना एक गोष्ट दिली, जी आधीच्या सतरा वर्षांत मिळाली नव्हती. स्विस मंडळींनी त्यांना भाड्याचा माणूस न मानता मोहिमेचा पूर्ण सदस्य मानले. एकाच तंबूत, एकाच दोरावर, बरोबरीने. आपल्याला मिळालेला सर्वांत मोठा मान तो हाच, असे तेनसिंग पुढे सांगत. पदके नंतर पुष्कळ मिळाली. पण पहिल्यांदा आपल्यातला म्हणून कोणी मोजले, ते माणूस विसरत नाही. लँबर्टने दिलेला लाल स्कार्फ त्यांनी जपून ठेवला.

२९ मे १९५३

पुढच्या वर्षी ब्रिटिशांची पाळी होती. नेते कर्नल जॉन हंट. तेनसिंग अजून अशक्त होते आणि घरातून विरोध होता. शिवाय मन स्विस मित्रांकडे ओढत होते. पण सातव्यांदा बोलावणे आले होते, सरदार म्हणून आणि चढाईच्या तुकडीतला सदस्य म्हणूनही. ते निघाले.

मोहीम प्रचंड होती. ३६२ हमाल, २० शेर्पा आणि सुमारे १०,००० पौंड सामान. काठमांडूत पहिल्याच रात्री खटका उडाला. साहेबांची सोय ब्रिटिश वकिलातीत, आणि शेर्पांची बाहेरच्या गॅरेजमध्ये. शेर्पा भडकले. तेनसिंग सदस्य होते आणि सरदारही, म्हणजे दोन्हीकडचे. ते आपल्या माणसांबरोबर राहिले आणि त्यांची समजूत घालून मोहीम पुढे नेली. मधल्या माणसाचे हे दुखणे तेनसिंग यांना शेवटपर्यंत पुरले.

खुंबूच्या हिमप्रपातात एक दिवस हिलरी बर्फातल्या भेगेवरून उडी मारताना पलीकडचा काठच तुटला आणि ते आत कोसळले. मागून दोरावर तेनसिंग होते. त्यांनी क्षणात कुऱ्हाड बर्फात रोवली आणि दोर आवळून धरला. हिलरी वाचले. न्यूझीलंडचा मधमाश्या पाळणारा हा उंच माणूस आणि त्याच्याहून बराच बुटका तेनसिंग यांची जोडी इथून पक्की झाली.

२६ मे रोजी बूर्दिलाँ आणि इव्हान्स ही पहिली जोडी दक्षिण शिखरापर्यंत गेली. पुढे जेमतेम शंभर मीटर उरले असताना त्यांना परतावे लागले. २८ मे रोजी लोव, ग्रेगरी आणि आंग न्यिमा यांनी ओझी वाहून दिली आणि सुमारे ८,५०० मीटरवर हिलरी व तेनसिंग यांचा तंबू लागला. सकाळी पाहतात तो हिलरींचे बूट लाकडासारखे गोठलेले! स्टोव्हवर ते नरम करण्यात दोन तास गेले. तेनसिंग बूट घालूनच झोपले होते. गळ्यात लँबर्टचा लाल स्कार्फ होता.

साडेसहाच्या सुमारास निघून, शेवटचा तो खडकाचा अवघड टप्पा चढून, दोघे सकाळी साडेअकरा वाजता अशा जागी पोहोचले की पुढे चढच उरला नव्हता. हिलरींनी हात पुढे केला. तेनसिंगनी नुसता हात न मिळवता त्यांना मिठीच मारली.

वर ते सुमारे पंधरा मिनिटे होते. कुऱ्हाडीला चार झेंडे होते : संयुक्त राष्ट्रांचा, ब्रिटनचा, नेपाळचा आणि भारताचा. भारताचा तिरंगा दार्जिलिंगच्या रवींद्रनाथ मित्र या स्नेह्यांनी दिलेला. तेनसिंगनी बर्फात खळगा करून थोडी मिठाई देवीला अर्पण केली. तिच्याशेजारी एक लाल-निळी पेन्सिल ठेवली. धाकट्या निमाने निघताना दिलेली ती पेन्सिल. घरी देवापुढे आपण जसे लेकराच्या हातून काही ठेवायला लावतो, तसेच की नाही?

त्या दिवसापासून २९ मे हा त्यांचा वाढदिवस झाला. वय भरले होते एकोणचाळीस.

कूस आणि मांडी

बातमी लंडनमध्ये छापून आली ती २ जून रोजी, राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाच्या दिवशी. इकडे जल्लोष झाला. तिकडे डोंगर उतरून येताच तेनसिंग यांच्यापुढे दोन प्रश्न उभे राहिले, जे त्यांनी स्वतःला कधीच विचारले नव्हते. पहिला, वर आधी पाय कोणी ठेवला? दुसरा, तू कोणाचा?

काठमांडूत स्वागताला लोटलेल्या गर्दीत अशी चित्रे होती की तेनसिंग शिखरावर उभे आहेत आणि हिलरींना दोराने ओढून घेत आहेत. पुढे केलेल्या कागदांवर सह्या मागितल्या जात होत्या. हे दडपण अशा माणसावर होते, ज्याला अनेक भाषा बोलता येत, पण लिहिता-वाचता येत नव्हते. सहीपुरती अक्षरे तेवढी येत. नेपाळ म्हणे आमचा, भारत म्हणे आमचा. ब्रिटनची तर मोहीमच होती.

पहिल्या प्रश्नावर हिलरी आणि तेनसिंग यांनी मिळून निवेदन केले की आम्ही जवळजवळ एकदमच पोहोचलो. एका दोरावरच्या दोघांना असा हिशोब मांडायची गरज वाटत नाही. १९५५ साली निघालेल्या आत्मचरित्रात मात्र, लोकांची कुजबुज थांबावी म्हणून, तेनसिंग यांनी सरळ सांगून टाकले की हिलरी काही पावले पुढे होते. खोटे बोलून दोन देशांत देव होता आले असते. त्यांनी ते केले नाही.

दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर आपल्या मनाला भिडणारे आहे. नेपाळच्या कुशीत आपण जन्मलो आणि भारताच्या मांडीवर वाढलो, अशा अर्थाचे ते उत्तर होते. देवकी आणि यशोदेची गोष्ट ज्या घरांत सांगितली जाते, त्यांना यापुढे काही समजावायला नको. एकीचे नाव घेतले म्हणून दुसरी परकी होत नाही.

नेपाळने त्यांना मोठा किताब दिला. दिल्लीत पंडित नेहरूंनी लंडनला जाण्यासाठी स्वतःच्या कपाटातले कपडे काढून दिले आणि ते अंगाला बरोब्बर बसले. आंग ल्हामू आणि दोन्ही मुलींसह तेनसिंग लंडनला आले, बकिंगहॅम राजवाड्यात गेले. हंट आणि हिलरी यांना सर ही पदवी मिळाली. तेनसिंगना जॉर्ज मेडल मिळाले. या फरकाची चर्चा अजून होते. त्यांनी स्वतः त्यावरून कधी गाजावाजा केला नाही.

तेनसिंग गुरुजी

नेहरू आणि पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने ४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. त्याआधी स्वित्झर्लंडला जाऊन तेनसिंग यांनी शिकवायचे कसे याचे शिक्षण घेतले. चाळिशीत, एव्हरेस्ट चढून आल्यावर, पुन्हा विद्यार्थी! १९७६ पर्यंत त्यांनी तिथे क्षेत्र-प्रशिक्षणाचे प्रमुख म्हणून काम केले. भारत सरकारने १९५९ साली पद्मभूषण दिले. सह्याद्रीत डोंगर चढायला शिकलेली महाराष्ट्रातली कितीतरी मुले पुढे बर्फाचे धडे गिरवायला याच संस्थेत गेली. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ जण २०१२ साली एव्हरेस्टवर पोहोचले. त्यांच्यामागे भारतात अशा संस्थांनी घडवलेली परंपराच उभी आहे.

घराला त्यांनी वडिलांच्या नावातले घांग ला हेच नाव दिले. आंग ल्हामू १९६४ साली गेल्या. तिसऱ्या पत्नी डाकू यांच्यापासून तीन मुलगे आणि एक मुलगी झाली. आपल्या मुलांनी डोंगर चढावेत अशी त्यांची मुळीच इच्छा नव्हती. आपण ओझी वाहिली ती मुलांना वाहावी लागू नयेत म्हणून, असे त्यांना वाटे. मुले चांगल्या शाळांत शिकली आणि अमेरिकेलाही गेली. त्यातल्या जामलिंग यांनी अमेरिकेत शिक्षण घेतले, काही वर्षे तिथे काढली आणि १९९६ साली एव्हरेस्ट चढलाच. वडिलांनी नको म्हटलेल्या वाटेवरच त्यांना वडील सापडले. मुलांना देशाबाहेर वाढवणाऱ्या आपल्यासारख्यांनी यातून काय घ्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे!

निवृत्तीनंतरची वर्षे फार सुखाची गेली नाहीत. एकटेपणा आला, तब्येत ढासळली. ९ मे १९८६ रोजी दार्जिलिंगमध्ये मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. वय ७१. हिलरी तेव्हा न्यूझीलंडचे भारतातील उच्चायुक्त होते. ते मित्राला निरोप द्यायला दार्जिलिंगला पोहोचले. ज्या संस्थेत तेनसिंगनी शिकवले, तिच्याच आवारात अंत्यसंस्कार झाले.

आज मोहिमेला जाताना

आज एव्हरेस्टवर जायला बारा आणे मिळत नाहीत, उलट मोजावे लागतात. वसंत ऋतूतल्या चढाईसाठी नेपाळ सरकारचा नुसता परवानाच सप्टेंबर २०२५ पासून ११,००० वरून १५,००० डॉलर झाला. कंपनीचे पैसे वेगळे. पण दोर बांधणारे, शिड्या लावणारे आणि ऑक्सिजनच्या नळकांड्या वर नेणारे हात बहुतांशी तेच आहेत. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात हिमकडा कोसळून १६ जण गेले. सगळेच्या सगळे नेपाळी कामगार होते, इतरांसाठी वाट तयार करणारे. आणि कामी रिता शेर्पा यांनी २०२५ साली ३१व्यांदा शिखर गाठले, ते बहुतेक वेळा कोणाला तरी बरोबर घेऊन.

म्हणून मंडळी, आपल्यापैकी जे एव्हरेस्टच्या तळछावणीला किंवा त्याहून वर जाणार असतील, त्यांना आमचे एवढेच सांगणे. कंपनीला विचारा, ओझे नेणाऱ्यांचा विमा केवढ्याचा आहे? त्यांना गरम कपडे आणि बूट मिळतात का? ते झोपतात कुठे? आपल्याबरोबरच्या शेर्पाचे पूर्ण नाव विचारून घ्या. आणि परत आल्यावर मंडळाच्या कार्यक्रमात फोटो दाखवाल, तेव्हा त्याच्या फोटोखाली ते नाव बरोबर लिहा.

त्या चिमुरड्याने आपल्या तक्त्यावरचे नाव खोडले नाही. हिलरींच्या नावाला कंस केला आणि शेजारी लिहिले, फोटो काढणारा. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले, तेनसिंग नोर्गे. देशाच्या रकान्यात त्याने दोन झेंडे काढले. शिक्षिकेने चूक दिली तर आम्हाला सांग, आम्ही येऊन समजावू, असे वर्गाने त्याला कळवले आहे.

 

– संपादक मंडळ